पाऊस २०५० वर ठेवला आहे

साल १९८७. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही नगर जिल्ह्यातल्या कर्जतला घरी आला आहात. ८०८५ मायक्रोप्रोसेसरचं किट पुण्याला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत. पण प्रोग्रॅम लिहायला ते लागतच नाही. ओसरीवर वही, पेन्सिल आणि ऑपकोडचा तक्ता असला की भागतं. शेजारी रमेश गावकरांचं ८०८५ वरचं, १९८४ साली निघालेलं जाडजूड पुस्तक आहेच.

समजा, पावसाचे दोन आकडे हाताशी आहेत: ऑगस्ट १२० मिलिमीटर, सप्टेंबर १५०. त्यांची बेरीज करायची. कर्जतसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात याहून जिव्हाळ्याचं गणित कोणतं सुचणार?

यंत्राला ‘ऑगस्ट’ कळत नाही, त्याला फक्त पत्ता कळतो. म्हणून आधी समासात चौकट आखता: २०५० ऑगस्ट, २०५१ सप्टेंबर, २०५२ बेरीज. या व्हेरिएबलांची नावं फक्त इथेच, तुमच्या अक्षरात राहणार. वही हरवली तर मेमरीत नुसते आकडे उरतील, कोणता कशाचा हे कुणालाच सांगता येणार नाही. एखादा पत्ता चुकून प्रोग्रॅमच्याच मधोमध पडला, तर यंत्र पावसाचा आकडा आज्ञा समजून पाळेल.

आता आज्ञा. २००० पासून सुरुवात. २१ ५० २०, म्हणजे एचएल या रजिस्टरांच्या जोडीत २०५० हा पत्ता भरा. पत्त्याचा खालचा अर्धा भाग आधी लिहायचा, ही इंटेलची रीत. मग ७ई: त्या पत्त्यावरचं मूल्य ॲक्युम्युलेटरमध्ये आणा. २३: पुढच्या पत्त्यावर जा. ८६: तिथलं मूल्य मिळवा. ३२ ५२ २०: उत्तर २०५२ वर ठेवा. शेवटी सीएफ, की ताबा किटच्या मॉनिटर प्रोग्रॅमकडे परत. हेच ऑपकोड इंटेलच्या आधीच्या ८०८० चिपचेही आहेत. १९७५ साली अमेरिकेत तीच चिप असलेला अल्टेअर ८८०० संगणक विकत घेणाऱ्या हौशी लोकांनी ते पुढच्या पट्टीवरचे खटके वर-खाली करून एकेक बिट भरले होते, आणि मूळ यंत्रात मेमरी होती अवघी २५६ बाइट. कर्जतच्या ओसरीवर बसून तुम्ही त्यांचीच भाषा लिहीत आहात.

सुट्टी संपते. एसटीने पुणे, दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा. किटवर सहा लाल आकडे: चार पत्त्याचे, दोन मूल्याचे. एकेक बाइट दाबायचा, ‘नेक्स्ट’. प्रोग्रॅम संपला की २०५० वर ७८, २०५१ वर ९६. सोळाच्या पायात लिहिलेले १२० आणि १५०. ‘गो’, २०००, ‘एक्झिक्युट’. मग २०५२ उघडता.

०ई. म्हणजे चौदा.

दोन महिन्यांत दोनशे सत्तर मिलिमीटर पडला आणि यंत्र चौदा सांगतं! शेजारचा जोडीदार डोकावतो. “कॅरी गेला की.” बरोबर. एका बाइटमध्ये जास्तीत जास्त २५५ मावतात, वरचा एक कॅरी फ्लॅगमध्ये उभा होता आणि त्याला ठेवायला तुम्ही जागाच नेमली नव्हती.

उपाय सोपा: सुरुवातीला सी रजिस्टर शून्य करा, कॅरी आला तर त्यात एक वाढवा, आणि सी २०५३ वर ठेवा. सोपा खरा, पण नव्या आज्ञा मध्ये घुसवायच्या म्हणजे पुढचं सगळं खाली सरकतं. कॅरी नसताना उडी कुठे मारायची तो पत्ता पुन्हा मोजायचा. तुमचा हिशोब २००सी वर येतो. सगळा प्रोग्रॅम पुन्हा भरता. २०५२ वर ०ई, २०५३ वर ०१. एकत्र वाचलं तर ०१०ई, म्हणजे २७०. आता पाऊस पुरा मोजला गेला.

“जून-जुलैपण घाल,” जोडीदार म्हणतो. आकडे चार झाले की ते २०५३ पर्यंत पोचतात, म्हणजे बेरजेला २०५४ वर हलवायचं आणि जिथे जिथे ५२ नि ५३ लिहिलेत ते शोधून खोडायचं. असेंबलर असलेल्या संगणकावर हे काम एका ओळीत होतं: नावापुढची जागा बदला, बाकीचे पत्ते तोच मोजतो. किटवर असेंबलर नाही. तुम्ही वहीचं नवं पान उलटता आणि समासात लिहिता: २०५० जून.