डब्याचा अँटेना आणि परवान्याची हवा

पत्र्याचा रिकामा डबा, एक कनेक्टर आणि तांब्याच्या तारेचा तुकडा. एवढ्यात वायफायचा अँटेना तयार होतो. शाहूपुरीतल्या एखाद्या गच्चीवर तो लावला, तर सिग्नल एका दिशेला चांगलाच लांब जातो. जुगाड वाटतोय ना? पण याचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

साल १८९५. इकडे शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली. त्याच वर्षी तिकडे कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी बिनतारी लहरींनी २३ मीटरवरची घंटा वाजवून दाखवली, तीही मध्ये दोन भिंती असताना! लहरींना दिशा द्यायला त्यांनी धातूचा कर्णा वापरला. आपला डबा त्याच घराण्यातला.

आता डबा करतो काय, ते बघा. वायफायची लहर साधारण १२.२ सेंमी लांब. सव्वासात सेंमीपेक्षा बारीक डब्यातून ती पुढे जातच नाही. १० सेंमी व्यासाचा डबा घेतला, तर तार बंद तळापासून ४.४ सेंमीवर बसवायची. तारेची उंची ३.१ सेंमी, म्हणजे लहरीचा पाव भाग. तळावर आपटून परतलेली लहर पुढे निघालेल्या लहरीला बरोबर येऊन मिळते आणि जोर वाढतो.

मग हे आपल्या गल्लीत यायला इतका उशीर का? अडसर कायद्याचा होता. १९३३ च्या कायद्याने परवान्याशिवाय वायरलेस यंत्र नुसतं जवळ ठेवणंही गुन्हा ठरवलं. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. पोलिसांना चकवत जागा बदलल्या, पण नोव्हेंबरात धाड पडली आणि तुरुंगवास झाला. स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं आपल्या आजोबांना साध्या रेडिओसाठी पोस्टात जाऊन लायसन्सची फी भरावी लागायची.

जानेवारी २००५ मध्ये सरकारने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा केला. एक अट अशी, की अँटेनाचा जोर धरूनही सिग्नल ४ वॅटच्या वर जाता कामा नये.

हा पट्टा म्हणजे गावचं गायरान समजा. कुणाच्या मालकीचं नाही, म्हणून सगळ्यांचं. शेजाऱ्याचा राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, सगळे तिथेच चरतात. तेव्हा डबा जरूर बनवा, पण त्याचं तोंड नेमकं हवं तिकडेच वळवा.