चालवण्याआधी काय कळतं? हॅस्केलमधल्या एका निवडीचा इतिहास

टर्मिनलवर आपण प्रोग्रामचं नाव टाइप करतो आणि त्यापुढे काही पर्याय लिहितो. त्यांचा अर्थ लावण्याचं काम पार्सर करतो. त्यासाठी कुठली लायब्ररी घ्यावी हा वरवर आवडीनिवडीचा मामला वाटतो. पण बघा, त्यात ज्ञानमीमांसेचा एक प्रश्न दडलाय: प्रोग्राम चालवण्याआधी त्याच्याबद्दल आपल्याला काय कळू शकतं?

युनिक्सवर सी भाषेत हे काम ‘गेटऑप्ट’ करायचं. एटी अँड टीने १९८५ साली ते सर्वांसाठी खुलं केलं. त्यात मदतीचा मजकूर प्रोग्रामरने वेगळा, हाताने लिहायचा. प्रोग्राम बदलला आणि मजकूर तसाच राहिला, की मदतच खोटं बोलायला लागायची!

हॅस्केल या फंक्शनल भाषेतल्या गेटऑप्टमध्ये पर्याय आणि त्यांची वर्णनं एकाच यादीत आली. मदत त्या यादीतूनच तयार होऊ लागली. मात्र कुठला पर्याय सक्तीचा, हे तपासणं प्रोग्रामरच्याच गळ्यात राहिलं.

आता पार्सरचे तुकडे जोडायचे कसे? १९९०च्या दशकात हॅस्केलमध्ये मोनाड रुळला. मोनाड म्हणजे खिडकीतला कारकून. तुमचं उत्तर ऐकणार, मग पुढचा प्रश्न ठरवणार. पण एकूण काय काय विचारणार, ते आधी सांगा म्हटलं, तर त्यालाही सांगता येत नाही.

१९९६ साली स्वीरस्ट्रा आणि डुपॉन्शेल यांनी मोनाडमध्ये न बसणारे पार्सर मांडले. त्यांची रचना आधीच तपासता येत होती. २००८ साली मॅकब्राइड आणि पॅटरसन यांच्या निबंधामुळे अशा जोडणीला ‘अ‍ॅप्लिकेटिव्ह’ हे नाव रूढ झालं. हा झाला छापील अर्ज: सगळे रकाने पहिल्यापासून समोर. ‘ऑप्टपार्स-अ‍ॅप्लिकेटिव्ह’ ही लायब्ररी याच कल्पनेवर उभी आहे. एकाच व्याख्येतून ती पर्याय वाचते आणि मदतही छापते.

मग कारकून नकोच का? गिटसारख्या प्रोग्राममध्ये उपआज्ञा असतात, प्रत्येकीचे पर्याय वेगळे. त्या मोजक्या असतील तर अर्जाला पुरवण्या जोडता येतात. पण पुढचे पर्यायच एखादी फाइल वाचून ठरणार असतील, तर कारकुनाशिवाय गत्यंतर नाही.

तेव्हा लायब्ररी निवडताना आधी विचारा, माझे प्रश्न अगोदर ठरलेले आहेत का? असतील, तर थोडं स्वातंत्र्य सोडा. त्या बदल्यात नवख्या माणसाला खरी मदत मिळते.