‘काहीच नाही’ची कुळकथा

सन 800च्या सुमाराची गोष्ट. फ्रेडेगिसस या इंग्रज धर्मपंडिताने सम्राट शार्लमेनच्या दरबारी मंडळींना उद्देशून एक छोटं पत्र लिहिलं. प्रश्न एकच: ‘काहीच नाही’, लॅटिनमध्ये ‘निहिल’, ही काही वस्तू आहे का? त्याचं उत्तर होतं, आहे. माणूस म्हटलं की माणूस कळतो, दगड म्हटलं की दगड. मग ‘निहिल’ हे नावही कशाचं तरी असलंच पाहिजे.

त्याचा पुढचा युक्तिवाद मला जास्त थरारक वाटतो. देवाने सृष्टी शून्यातून घडवली, ही चर्चची शिकवण. पृथ्वी, पाणी, अग्नी, प्रकाश, देवदूत, माणसाचा आत्मा, सगळं तिथूनच आलं. ज्यातून एवढं निघालं ते क्षुल्लक कसं असेल? अंधाराचंही तेच. इजिप्तवर पडलेला अंधार हाताला लागेल इतका दाट होता, असं बायबल सांगतं. तो नुसता प्रकाशाचा अभाव कसा? शार्लमेनने हे उडवून लावलं नाही. डुंगाल या आयरिश विद्वानाला पत्र धाडून त्याने मत विचारलं. सम्राटाला अशा प्रश्नासाठी सवड होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अंधार म्हणजे नुसता अभाव, या ज्या मताला फ्रेडेगिसस छेद देत होता, ते तेव्हाच चारशे वर्षांचं झालं होतं. ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीन तरुणपणी ज्या मानी पंथात होता, तिथे अंधार ही प्रकाशाशी झुंजणारी स्वतंत्र सत्ता मानली जाई. त्यातून बाहेर पडल्यावर त्याने ठामपणे मांडलं, की अंधारासारखंच दुष्टपणालाही स्वतःचं अस्तित्व नाही. ती चांगुलपणाची उणीव आहे.

कॅथलिक लेखक टॉल्किनच्या कथांत हाच ऑगस्टीन भेटतो. त्यांतला मूळ दुष्ट मेल्कॉर निर्मितीची ज्योत शोधत पोकळीत एकटा भटकतो. ती त्याला सापडत नाही, कारण ती इलुवातार या निर्मात्यापाशी आहे. म्हणून दुष्टांना नवं घडवता येत नाही, असलेलं विद्रूप तेवढं करता येतं.

मिशाएल एन्डेच्या 1979च्या ‘नेव्हरएंडिंग स्टोरी’ या कादंबरीत मात्र ‘काहीच नाही’ स्वतःच संकट होऊन येतं. त्याच्याकडे पाहिलं की आपण आंधळे झालो असं वाटतं. तरी ते ओढून घेतं, आणि कल्पनालोकातले जे जीव त्यात उडी घेतात ते माणसांच्या जगात असत्य होऊन निघतात. सत्याची उणीव ऑगस्टीनच्या हिशेबात बसते. ती ओढ बसत नाही. जे नाहीच, ते ओढेल कसं? तिथे फ्रेडेगिससचीच बाजू मला खरी वाटते, आणि टॉल्किनच्या पोकळीपेक्षा मला एन्डेची जास्त भीती वाटते ती याच ओढीमुळे.