वीतभर अंतर

जानेवारी 2020. तुम्ही जतमध्ये कान-नाक-घशाच्या एका दवाखान्यात बसला आहात. बाहेरच्या बाकावर मराठी-कानडी गप्पा रंगल्यात. कपाळावरचा दिवा सरळ करत डॉक्टर म्हणतात, "आजी, आ करा." आजी आ करतात आणि खोकतात. डॉक्टर नुसती मान वळवतात. मास्क आहे, पण हनुवटीवर. दोघांच्या तोंडांत अंतर वीतभर.

आता मार्चमध्ये या. इस्लामपुरात सांगली जिल्ह्यातले पहिले रुग्ण सापडलेत. 28 तारखेला ब्रिटनमधले कान-नाक-घसा सर्जन अमजद अल-हवरानी कोविडनं जातात. विषाणूचा मुक्काम नाकाच्या मागच्या भागात आणि घशात. या डॉक्टरांचं कामही नेमकं तिथंच. तातडीचं असेल तेवढंच तपासायचं, बाकी सगळं फोनवर.

मे 2021. नागज फाटा, कवठेमहांकाळ मागं टाकत तुमची रुग्णवाहिका मिरजेला पोचते. सोबतचा जतचा शेतकरी कोविडमधून उठलाय. पण साखर चढलेली, गाल बधिर, एक डोळा सुजलेला. म्युकर, म्हणजे काळी बुरशी. ॲम्फोटेरिसिनसाठी पुतण्या सकाळपासून फोन लावतोय. नुसत्या इंजेक्शनानं भागणार नाही, बुरशीनं मेलेला भाग नाकातून काढावाच लागेल.

ओटीत, म्हणजे शस्त्रक्रियेच्या खोलीत, शिरण्याआधी तुम्हीही पीपीई किट चढवता. एन-95 नाकाशी दाबून जोरात फुंकता; कडेनं हवा सुटते, पुन्हा बसवता. भूलतज्ज्ञ श्वासनलिकेत नळी घालतात तेव्हा सर्जन बाहेर थांबतात. खोलीतली हवा पालटेपर्यंत घड्याळाकडे बघत राहतात. आत मोजकीच माणसं. दुर्बिणीशेजारी सक्शन सतत चालू. ड्रिलनं कण उडतात, म्हणून ते शक्यतो टाळायचं. सर्जनची नजर पडद्यावर, चेहरा रुग्णापासून जमेल तितका लांब. घाम गाऊनच्या आत ओघळतोय. पाणी प्यायची सोय नाही.

खरी परीक्षा शस्त्रक्रियेनंतर, किट उतरवताना. बाहेरून माखलेलं सगळं आता स्वतःच्याच हातांनी काढायचं, तेही थकलेल्या हातांनी. दारात उभी सिस्टर एकेक पायरी मोठ्यानं सांगते. लसीचे दोन्ही डोस घेतलेले सर्जन सवयीनं मास्क ओढायला जातात.

"सर, थांबा! आधी हात."

सर थांबतात. एरवी या ओटीत सरांना कुणी टोकत नाही. या दारात मात्र शेवटचा शब्द सिस्टरचा. हा नियम लिहून भिंतीवर लावायला पैसे लागत नाहीत, वरिष्ठांना तो मानावा लागतो. किट, लस, पडदा यांच्या जोडीला एवढं झालं, तर पुढच्या रुग्णासाठी सर्जन शाबूत राहतो.