पिंजरा, कांट आणि नारायणगाव

हार्वर्डचे तत्त्वज्ञ स्टॅनली कॅवेल यांनी १९८१ च्या पुस्तकात काप्राच्या एका विनोदी चित्रपटाशेजारी चक्क कांटला आणून बसवलं. आपल्याकडे असा तास घ्यायचा तर मी 'पिंजरा' (१९७२) लावीन. मूळ कल्पना १९३० च्या जर्मन 'ब्लू एंजल'ची, पण शेवट शांतारामबापूंचा. डॉ. लागूंचे गुरुजी स्वतःच्याच खुनाबद्दल फासावर जातात, पण 'तो मीच' म्हणून सांगत नाहीत. का? तर गावासमोरचा आदर्श टिकावा! कांटने तर १७९७ मध्ये लिहिलं होतं, दाराशी आलेल्या मारेकऱ्याशीसुद्धा खोटं बोलू नये. मग गुरुजींचं हे मौन कशात मोडायचं?

मला मात्र वेगळंच खुपतं. गुरुजींना बुडवते कोण, तर तमाशातली बाई. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात बसून हे पचत नाही. इथल्या विठाबाई (निधन २००२) ऐन प्रयोगात बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, असं अजून सांगतात. कर्तव्य म्हणजे काय, यावर कांटला विचारावं की विठाबाईंना?

आणि पाडव्याच्या सुमारास इथल्या राहुट्यांसमोर जत्रेची सुपारी द्यायला रांगा लागतात त्या कुणाच्या? गावोगावच्या प्रतिष्ठितांच्याच की!