तारा विझवण्याची युक्ती

श्रीगोंदे तालुक्यातल्या काष्टीला जनावरांचा मोठा बाजार भरतो. तिथे कर्ण्यावर घोषणा चालू असताना, कर्ण्याला खेटून उभ्या असलेल्या बैलाच्या गळ्यातली घुंगरे दुरून ऐकू येतील का? दूरच्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह पाहण्यातली अडचण अशीच आहे. आपली सूर्यमाला कोणी लांबून पाहिली, तर दृश्य प्रकाशात सूर्य पृथ्वीच्या सुमारे 1000 कोटी पट तेजस्वी दिसेल. अवरक्त किरणांत ग्रहाची स्वतःची उष्णता दिसते, म्हणून तिथे ही तफावत कोटी पटीच्या आसपास उतरते. पण कोटी पट म्हणजेही थोडेथोडके नव्हे.

मग कर्णाच बंद करता येईल का? 1978 साली रोनाल्ड ब्रेसवेल यांनी ‘नेचर’मध्ये तशी युक्ती मांडली. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याचा एकही ग्रह तेव्हा सापडलेला नव्हता. तो सापडायला 1995 उजाडले. युक्ती वर्गात दाखवण्याजोगी आहे. परातीत पाणी घ्या आणि दोन बोटे एकाच लयीत बुडवत राहा. दोन्हीकडच्या लाटा काही जागी एकमेकींना जोर देतात, तर काही जागी एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडून पाणी जवळजवळ स्थिर राहते. ब्रेसवेल यांनी एका दांड्यावर दोन आरसे कल्पिले. दोन्ही आरशांवरचा प्रकाश एकत्र करताना एकाची लाट अर्ध्या तरंगलांबीने मागे सरकवली, की समोरचा तारा विझतो. ग्रह किंचित बाजूला असतो. त्याचा प्रकाश एका आरशावर जरा आधी पोचतो, म्हणून तो विझत नाही. दांडा फिरवला, की ग्रह लुकलुकतो.

ब्रेसवेल हे मूळचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ, आणि इथे आपला संबंध येतो. गोविंद स्वरूप यांची पीएचडी स्टॅनफर्डला त्यांच्याच हाताखाली झाली. तिथे अनेक तबकड्यांचे संदेश तारांमधून एकत्र आणायचे होते. तारेची लांबी थोडी बदलली, तरी लाटांचा मेळ बिघडतो. स्वरूप आणि यांग यांनी संदेश तबकडीपर्यंत पाठवून परत आणायचा आणि त्यावरून वाटेतला फरक जागेवर बसून मोजायचा, ही पद्धत काढली. 1961 साली ती प्रसिद्ध झाली. माझ्या मते या साऱ्या कथेचा गाभा हाच आहे: लाटा जुळवण्यापेक्षा त्यांच्या वाटा सारख्या ठेवणे अवघड.

स्वरूप 1963 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. ऑस्ट्रेलियातून भेट मिळालेल्या 1.8 मीटर व्यासाच्या 32 तबकड्या दिल्लीत पडून होत्या. त्या कल्याणला आणून 1965 साली सूर्याचा वेध घेणारी दुर्बीण उभी राहिली. पुढे जुन्नर तालुक्यात खोडदला, काष्टीपासून सरळ रेषेत 80-एक किलोमीटरवर, 45 मीटरच्या 30 तबकड्यांची जीएमआरटी आली. सुमारे 25 किलोमीटर परिसरात पसरलेल्या तबकड्यांचे संदेश तिथे लेसर किरणांवर स्वार होऊन काचेच्या तंतूंमधून मध्यवर्ती इमारतीत येतात.

रेडिओ लहरीची लांबी मीटरमध्ये मोजतात. अवरक्त किरणांची मीटरच्या दशलक्षांश भागात. वाटाही त्याच मापाने सारख्या हव्यात. आरसे आणि भिंगे मांडून हे साधते, पण टेबल जरा हलले की बिघडते. त्यावरचा उपाय म्हणजे काचेच्या चिमुकल्या तुकड्यात प्रकाशासाठी घडवलेल्या वाटा. त्या एकदा घडवल्या की हलत नाहीत. अतिशय बारीक तंतूचा आणखी एक गुण आहे. वातावरणाने चुरगळलेल्या लाटेचा तो एकच नीटस आकार आत घेतो आणि बाकीचा बाहेर टाकतो. हवाईतील सुबारू दुर्बिणीवरच्या ‘ग्लिंट’ उपकरणात तारा विझवण्याचे काम असाच काचेचा तुकडा करतो. चिलीतील ‘ग्रॅव्हिटी’ उपकरणात 8.2 मीटरच्या चार दुर्बिणींचा प्रकाश अशाच तुकड्यात एकत्र येतो. तिथे तारा विझवत नाहीत. तंतूचे तोंडच ताऱ्यावरून हलवून ग्रहाच्या जागी धरतात. एचआर 8799 या ताऱ्याचा ‘ई’ हा ग्रह त्यातून टिपल्याचे 2019 साली जाहीर झाले. व्यतिकरणाने थेट पाहिलेला तो पहिला बाह्यग्रह.

कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरींत मात्र कर्णा आपणहून दबतो. गुरूच्या चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा गलका कधीकधी सूर्याच्या तोडीचा असतो. असा गलका दुसऱ्या ग्रहाचा ऐकू येतो का, हे जीएमआरटीने तपासले. जुलै 2009 मध्ये हंस तारकासमूहातील एचएटी-पी-11 ताऱ्याकडून 150 मेगाहर्ट्झवर अगदी क्षीण संदेश आला. नेपच्यूनएवढ्या वस्तुमानाचा तिथला ग्रह ताऱ्याआड गेल्यावर तो थांबल्यासारखा वाटला. मात्र 150 मेगाहर्ट्झवर बोलायचे, तर ग्रहाचे चुंबकीय क्षेत्र 50 गाउसच्या पुढे हवे. गुरूचे कमाल 20 च्या आसपास आहे. नोव्हेंबर 2010 मध्ये तोच योग साधून पुन्हा तबकड्या वळवल्या. त्या वेळी काहीच ऐकू आले नाही.