पंगतीतला युक्तिवाद : लिंकन्स इनची वाटचाल

विलायतेत ठरावीक जेवणं जेवल्याशिवाय बॅरिस्टर होता येत नसे, याची आपल्याकडे पूर्वी बरीच थट्टा होई. पण तिथलं जेवण हा अभ्यासाचाच भाग होता. लंडनमध्ये वकिलांच्या अशा चार संस्था आहेत, त्यांना 'इन' म्हणतात. ग्रेज इन आपल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे माहीत आहे. तिथून चालत थोड्याच अंतरावर लिंकन्स इन आहे. 'ब्लॅक बुक्स' नावाच्या तिच्या वह्यांत १४२२ पासूनचे ठराव, दंड आणि हिशेब सापडतात. जुनं सभागृह पंधराव्या शतकाच्या अखेरीचं, विटांचा दरवाजा १५१८ चा. इथून बाहेर पडलेल्या न्यायमूर्तींची आणि पंतप्रधानांची यादी हवी तेवढी लांबवता येईल, ती मी देत नाही. मला इथला एक विद्यार्थी खुणावतो. तो वकील कधीच झाला नाही, पण इंग्रजी प्रेमकवितेला त्याने वकिली शिकवली.

६ मे १५९२ रोजी जॉन डन इथे दाखल झाला. वय वीसच्या आसपास, घराणं कॅथलिक, म्हणजे त्या काळच्या इंग्लंडमध्ये संशयित. खोलीतला सोबती ख्रिस्तोफर ब्रुक. आवारात बहुतेक पोरं विशीतली, बिनलग्नाची, बापाच्या पैशावर राहणारी. वर्षभरात डनचा धाकटा भाऊ हेन्री एका कॅथलिक पाद्र्याला आसरा दिल्याबद्दल पकडला गेला आणि न्यूगेटच्या तुरुंगातच गेला. त्याच वर्षी इनच्या वह्यांत डनची नेमणूक आहे ती 'मास्टर ऑफ द रेव्हल्स' म्हणून, म्हणजे नाचगाणी आणि सोंगं यांचा कारभारी. या दोन गोष्टी एकाच वर्षात घडल्या, हे त्याच्या कवितेतलं हसू वाचताना विसरता येत नाही. त्या दिवसांतल्या डनचं वर्णन रिचर्ड बेकरने करून ठेवलं आहे: नीटनेटका, बायकांच्या भेटीगाठींना तत्पर, नाटकांचा शौकीन आणि चमत्कृतीच्या कविता लिहिणारा.

शिक्षणाची रीत अशी. रात्रीचं जेवण आटोपलं की एक बनावट खटला मांडायचा. 'मूट' म्हणतात त्याला. जमिनीचा, वारशाचा, गहाणाचा एखादा गुंता काढायचा आणि ज्याच्या वाट्याला जी बाजू येईल ती त्याने लढवायची. आपलं म्हणणं खरं आहे की खोटं, हा प्रश्नच नसे. समोरच्याने काय उत्तर दिलं आणि ते त्याच्यावरच कसं उलटवलं, याला दाद मिळे. हे रोज ऐकणाऱ्या मुलाने प्रेयसीला उद्देशून कविता लिहिली, तर ती कशी होईल?

'द फ्ली' तशी झाली. एक पिसू आधी प्रियकराला चावली, मग प्रेयसीला. वकीलसाहेब उभे राहतात: दोघांचं रक्त हिच्या पोटात एक झालं, यात कोणी पाप म्हणत नाही, मग तू मला नाकारतेस ते तरी काय मोठं? ती पिसू मारायला हात उचलते. लगेच मनाईचा अर्ज. थांब, इथे तीन जीव आहेत, ही आपली शेज आहे, आपलं देऊळ आहे. मारलीस तर खून, आत्महत्या आणि देवद्रोह असे तीन गुन्हे एकदम. ती चिरडतेच, आणि वर म्हणते की बघ, आपल्या दोघांनाही काही झालं नाही. इथे खटला हरला असं वाटतं. पण हा गडी तिचीच कबुली उचलतो: बरोबर, काही झालं नाही, मला होकार दिल्यावर तुझ्या अब्रूचंही एवढंच नुकसान होईल. ज्याने कोर्टात उलटतपासणी पाहिली आहे त्याला ही शेवटची उडी ओळखू येईल. तिच्या मनावर किती परिणाम झाला असेल देव जाणे, पण टेबलापलीकडे बसलेल्या ब्रुकने नक्की टाळी दिली असणार.

कारण या कवितांचा खरा श्रोता प्रेयसी नव्हे, खोलीतले मित्र. त्या छापल्या जात नव्हत्या, हाताने उतरवून फिरत होत्या. डनने लिंकन्स इनसाठी एक लग्नगीतही लिहिलं. ते कुठल्यातरी सोंगाच्या लग्नाचा भाग असावं आणि नवरी म्हणून एखादा विद्यार्थीच नटला असावा, असं काही अभ्यासकांना वाटतं. स्वतःच्या जातभाईंनाही त्याने सोडलं नाही. एका उपरोधिकेत त्याने कवीचा वकील झालेला एक प्राणी रंगवला आहे. तो बाईलासुद्धा दाव्याच्या भाषेत मागणी घालतो.

डिसेंबर १६०१ मध्ये डनने अ‍ॅन मोरशी चोरून लग्न केलं. कन्यादान ख्रिस्तोफर ब्रुकने केलं, विधी त्याच्या भावाने, सॅम्युअलने. सासरा खवळला, तिघेही तुरुंगात गेले आणि डनची नोकरी सुटली. या खेपेला युक्तिवाद चालला नाही.

इनमध्ये मात्र मौज हा शिस्तीचा विषय राहिला. १६१० च्या फेब्रुवारीत तरुण बॅरिस्टरांपैकी दर दहात एकाला पंगतीतून उठवल्याची नोंद आहे. गुन्हा काय, तर सणाच्या दिवशी न्यायाधीशांसमोर ते नाचले नाहीत! पुन्हा असं केलं तर दंड किंवा सनद रद्द, अशी तंबीही दिली होती.

१६१६ मध्ये डन परतला तो धर्मप्रवचनकार होऊन. नव्या प्रार्थनागृहाची कोनशिला त्याने बसवली आणि १६२३ मध्ये उद्घाटनाचं प्रवचनही त्यानेच दिलं. गर्दी इतकी की दोन-तीन जणांना बेशुद्धावस्थेत बाहेर काढावं लागलं. त्याने भेट दिलेलं सहा खंडांचं लॅटिन बायबल आजही इनच्या ग्रंथालयात आहे.

कविता १६३३ मध्ये छापून आल्या, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. मग कीर्तीची घसरण. कवी ड्रायडनची तक्रार अशी की हा बायकांना तत्त्वज्ञानाने बुचकळ्यात टाकतो. १७७९ मध्ये समीक्षक डॉ. जॉन्सनने डन आणि त्याच्या पंथातल्या कवींवर 'मेटाफिजिकल' हा शिक्का पक्का केला आणि न जुळणाऱ्या कल्पना यांनी जबरदस्तीने जुंपल्या असं म्हटलं. १९२१ मध्ये कवी टी. एस. एलियटने बाजू फिरवली. जॉन्सनचं वर्णन खोटं नाही. पण जबरदस्ती हाच त्या विनोदाचा प्राण होता, ती ओढाताण पाहायलाच पंगत बसली होती, हे जॉन्सनने लक्षात घेतलं नाही.

एक गोष्ट मात्र सहज नजरेआड होते. डनच्या खटल्यांत प्रतिपक्ष बहुधा बाई असते, आणि तिचं म्हणणं आपल्याला त्याच्याच तोंडून ऐकावं लागतं. पिसू चिरडणारीला स्वतःची एक ओळही नाही. इनमध्येही वेगळं नव्हतं. बाईला बॅरिस्टर होण्याची मुभा कायद्याने मिळाली १९१९ मध्ये. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्येच ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा देऊन बसल्या होत्या. पदवी हातात पडायला तीस वर्षं गेली. १९२३ मध्ये, पन्नाशी उलटून गेल्यावर, त्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या.